काय कापायचे नाही, हे आधी ठरवा
(जहाजाच्या प्रतिकृतीवरील दोरकामासाठी हत्यारांची निवड : एक परीक्षण)

जहाजांच्या प्रतिकृती कशा कराव्यात हे सांगणारी पुस्तके, तसेच तयार संचांबरोबर येणारी पत्रके चाळली तर एक सूचना हमखास आढळते. गाठ मारा, गोंदाचा थेंब लावा आणि उरलेले टोक तीक्ष्ण हत्याराने गाठीलगत कापा, अशी ती सूचना असते. लाकूड कसे वाकवावे, रंगाचे हात किती द्यावेत यांवर पानेच्या पाने खर्च करणारे लेखक कापण्याची बोळवण मात्र 'तीक्ष्ण हत्यार' या दोन शब्दांत करतात. प्रस्तुत लेखात आम्हाला या दोन शब्दांचेच परीक्षण करायचे आहे. आमच्या मते ही सूचना नुसती अपुरी नाही, ती दिशाभूल करणारी आहे. त्या दिशाभुलीची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे आणि एका विद्यार्थिनीलाही मोजायला लावली आहे.

आधी प्रसंग सांगतो. एका शाळेच्या विज्ञान मंडळाने 'ट्रिंकोमाली' या जहाजाची प्रतिकृती करायला घेतली होती आणि त्या कामात मदतीसाठी आम्हाला बोलावले होते. हे जहाज म्हणजे मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरवलेली ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट. विसाव्या शतकात वेगळ्या नावाने ती मुलांसाठी प्रशिक्षण-जहाज म्हणून १९८६ पर्यंत वापरात होती. पुढे इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची दुरुस्ती झाली आणि आजही ती तेथे पाण्यावर तरंगते आहे. मुंबईत बांधलेले जहाज दोनशेहून अधिक वर्षे टिकले, या गोष्टीचे मुलांना अप्रूप वाटले आणि निवड ठरली.

प्रमाण १ : ९६ असे धरले होते. म्हणजे तोफांच्या मजल्यावर सुमारे ४६ मीटर लांब असलेले जहाज टेबलावर ४८ सें.मी.चे होते. सांगाडा आणि फळ्या यांचे काम मुलांनी उत्तम केले. खरी परीक्षा दोरकामात होती. डोलकाठी दोन्ही बाजूंनी तोलून धरणारे जे जाड ताणदोर असतात, त्यांच्यावर आडव्या बारीक दोऱ्या बांधून खलाशांना चढण्यासाठी शिडी केलेली असते. या आडव्या दोऱ्यांना 'रॅटलाइन' म्हणतात. खऱ्या जहाजावर अशी दोरी सुमारे १२ मि.मी. जाडीची धरली, तर प्रतिकृतीत तिची जाडी ०.१२ मि.मी. भरते. माणसाच्या केसाहून थोडीच जास्त!

आता कापण्याच्या क्रिया मोजू. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीच्या दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला समजा ३० पायऱ्या. एकूण १८० पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीची दोन टोके कापायची, म्हणजे ३६० वेळा हत्यार चालवायचे. वरच्या टप्प्यांच्या डोलकाठ्या यात धरलेल्याच नाहीत. टोक कापताना शेजारचा ताणदोर तुटण्याची शक्यता शंभरात एक असेल, तर ३६० वेळा एकही चूक न होण्याची शक्यता किती? ०.९९ चा ३६० वा घात काढला की सुमारे ०.०२७ उत्तर येते. म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. हीच शक्यता हजारात एक इतकी खाली आणली, तर निर्विघ्न पार पडण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. संभाव्यता शिकवणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण वापरण्याजोगे आहे. पण त्याचा व्यावहारिक अर्थही ध्यानात घ्यावा. अशा कामात 'बहुतेक वेळा नीट कापते' हे हत्याराचे प्रशस्तिपत्र होऊ शकत नाही.

'तीक्ष्ण' या शब्दावर विश्वास ठेवून आम्ही सर्वांत तीक्ष्ण वस्तू निवडली. शस्त्रक्रियेच्या सुरीला लावायचे ११ क्रमांकाचे त्रिकोणी, टोकदार पाते. पाते बदलता येणाऱ्या या सुरीचे पेटंट मॉर्गन पार्कर यांनी १९१५ मध्ये घेतले. पात्याची धार इतकी बारीक असते की तिच्या कडेची गोलाई एका मायक्रॉनच्या बरीच आत राहते. कापसाच्या एका तंतूची जाडी दहा-वीस मायक्रॉन असते, म्हणजे या धारेपुढे तो तंतूही ओंडकाच. अशा पात्याने ०.१२ मि.मी.चा दोरा कापला जाणार नाही, ही शंकाही आम्हाला आली नाही.

घडले ते उलटेच. गाठीतून बाहेर आलेल्या टोकाला पाते लावले की टोक वाकून पात्यापुढे सरकत राही. आम्ही थोडा जोर वाढवला. टोक निसटले, पाते पुढे गेले आणि मागच्या ताणदोराला जेमतेम टेकले. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि ताणदोर तुटला. त्याच्यावर बांधलेल्या सगळ्या पायऱ्या सैल पडल्या. दोन संध्याकाळींचे काम गेले.

पदार्थ कसे तुटतात याचा अभ्यास करणे हे आमचे रोजचे काम. त्यामुळे या अपघाताची आम्हाला दुप्पट लाज वाटली, कारण त्यात अनपेक्षित असे काहीच नव्हते. ताणलेल्या दोऱ्याला पाते लागले की पहिले काही तंतू तुटतात आणि ताणामुळे लगेच मागे सरकतात. काप आपोआप उघडतो. तुटलेल्या तंतूंचा भार उरलेल्यांवर पडतो, त्यांच्यातला ताण वाढतो आणि तेही भराभर तुटतात. कापण्याच्या कामातला मोठा वाटा ताणात साठलेली ऊर्जाच उचलते. शिवाय ताणलेला दोरा पात्यापुढून हटत नाही. सैल टोकाची स्थिती याच्या नेमकी उलट असते. ते वाकते, पळते आणि कापाच्या दोन्ही कडा पात्याला घासून अडथळा करतात.

याचा अर्थ नीट पाहा. प्रतिकृतीवर जे कापायचे असते ते टोक सैल असते आणि जे राखायचे असते तो दोर ताणलेला असतो. म्हणून एकपाती सुरी, जितकी अधिक तीक्ष्ण तितकी, राखायची वस्तू सहज कापते आणि कापायची वस्तू सोडून देते. अशा कामासाठी याहून विपरीत हत्यार शोधूनही सापडणार नाही. आणि 'तीक्ष्ण हत्यार' या सूचनेचे शब्दशः पालन करणारा माणूस तेच उचलतो!

हा फरक वर्गात दाखवता येतो. जाड शिवणदोऱ्याचा एक तुकडा खिळ्याला बांधून नुसता लोंबता ठेवावा. तसाच दुसरा तुकडा शेजारी टांगून त्याला २०० ग्रॅमचे वजन अडकवावे. वजन टेबलापासून दोन-तीन सें.मी.च वर असावे आणि खाली वाळूची ताटली ठेवावी. मग शिक्षकांनी स्वतः, विद्यार्थ्यांना हातभर दूर उभे करून, दोन्ही दोऱ्यांना पाते सारख्याच हलक्या हाताने टेकवावे. लोंबता दोरा पात्याबरोबर बाजूला झुलतो. वजनाचा दोरा तुटतो. स्पष्टीकरण देण्याआधी 'कोणता आधी तुटेल आणि का' हे विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावे.

सुरीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अनेक अनुभवी कारागीर सुरीच वापरतात आणि त्यांची कामे सुबक असतात. पण ते काय करतात ते जवळून पाहिले तर रहस्य उलगडते. ते टोक चिमट्याने ओढून ताणतात, मागे पुठ्ठ्याचा किंवा पातळ पत्र्याचा तुकडा सरकवतात आणि पाते दाबण्याऐवजी किंचित ओढतात. विळीवर टोमॅटो नुसता दाबला तर फुटतो, ओढला तर चिरला जातो, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे टोकाला ताण, मागे आधार आणि पात्याला ओढ या तीन गोष्टी हे कारागीर स्वतः पुरवतात. सुरी चालते ती त्यांच्या दोन्ही हातांमुळे. नवशिक्याला सुरी सुचवणाऱ्या पुस्तकात या तीन गोष्टींचा उल्लेख नसेल, तर तो दोष पुस्तकाचा आहे.

आता कात्रीकडे वळू. कात्रीचा मोठा गुण असा की ती आपला आधार बरोबर घेऊन येते. एक पाते दोऱ्याला खाली ढकलते, दुसरे वर. दोरा पळणार कुठे? त्याला वेगळा ताण देण्याची गरज उरत नाही. म्हणून सैल टोकासाठी कात्रीचे तत्त्वच योग्य आहे. पण यासाठी एक अट आहे. दोन्ही पाती कापण्याच्या बिंदूपाशी एकमेकांना चिकटून असली पाहिजेत. त्यांच्यात दोऱ्याच्या जाडीइतकी फट राहिली, तर दोरा कापला न जाता दुमडून फटीत शिरतो. कापड सुखाने कापणारी कात्री बारीक दोऱ्यापुढे हात टेकते, याचे कारण पुष्कळदा बोथट धार नसून ही फट असते.

चांगली कात्री मिटून उजेडासमोर कडेने धरली तर पात्यांच्या मधोमध बारीक फट दिसते. तो दोष समजू नये. दोन्ही पाती मुद्दाम किंचित बाकदार केलेली असतात. त्यामुळे ती एका वेळी एकाच बिंदूत भेटतात आणि कात्री मिटत जाईल तसा तो बिंदू खिळीकडून टोकाकडे सरकतो. खिळी ढिली झाली की हा दाब नाहीसा होतो. अशी कात्री नुसती धार लावून सुधारत नाही.

येथे त्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगणे आम्हाला भाग आहे. नववीतील ही मुलगी डावखुरी होती. गाठी तिच्या सर्वांत सुबक. पण टोके कापायला बसली की दोरा चघळल्यासारखा होई आणि जोर लावताना गाठही सुटे. 'हिचा हात कापायला बसलेला नाही' असे शिक्षकांनी म्हटले आणि आम्हीही मान डोलावली. तिला कापण्याच्या कामातून काढून मेण लावायला बसवले. काही दिवसांनी आम्ही स्वतः डाव्या हाताने तीच कात्री चालवून पाहिली आणि दोरा तसाच चघळला गेला. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. उजव्या हाताने मिटताना अंगठा आणि बोटे यांचा स्वाभाविक तिरका दाब पात्यांना एकमेकांवर आणतो. डाव्या हातात तोच दाब पाती विलग करतो. वर आणखी, वरचे पाते कापण्याची जागाच नजरेआड करते. दोष हाताचा नव्हता, कात्रीचा होता. आणि तो न ओळखण्याचा दोष आमचा होता. पाती उलट बसवलेली डावखुऱ्यांची कात्री आणल्यावर मुलीने उरलेल्या एका बाजूची सर्व टोके एकही ताणदोर न तोडता कापली. आम्ही तिची माफी मागितली. पण मधले काही आठवडे तिने स्वतःला अनाडी समजून काढले, ते परत देता आले नाहीत.

आता एकेका उमेदवाराचा निवाडा करू.

शिंप्याची मोठी कात्री बाद. तिची टोके जाड असतात आणि लांब पात्यांमुळे टोकापाशी हाताचा कंप वाढून पोचतो. भरतकामाची छोटी कात्री हा चांगला आणि सहज मिळणारा पर्याय आहे. मात्र तिची दोन्ही टोके सुईसारखी अणकुचीदार असतात. डेकवरच्या मोकळ्या जागेत हे चालते. ताणदोरांच्या जाळीत शिरताना मागच्या दोऱ्याला ती टोचतात. शिंप्याकडे धागे कापायची जी स्प्रिंगची छोटी कात्री असते, ती झटपट चालते, पण तिच्या पात्यांमधला दाब बोटांनी सांभाळावा लागतो. जाड दोरांना ती ठीक आहे.

डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी घडवलेली 'आयरिस' कात्री सुमारे ११ सें.मी. लांबीची असते. तिच्या दांड्या लांब आणि पाती आखूड. त्यामुळे बोटांची मोठी हालचाल टोकापाशी लहान होते आणि हात जाळीबाहेर राहतो. वाकड्या टोकांची मिळाली तर अधिकच चांगले, कारण बाकाची फुगीर बाजू ताणदोराकडे ठेवता येते आणि धार त्याच्यापासून दूर वळते. आमच्या ३६० टोकांपैकी बहुतेक याच कात्रीने कापली. शस्त्रक्रियेची उपकरणे विकणाऱ्या दुकानात ती मिळते. तिने कागद, तार किंवा वाळलेला सायनोॲक्रिलेट गोंद कधीही कापू नये. बारीक धार त्याने जाते.

नेलकटरची थट्टा करू नये. त्याच्या दोन धारा समोरासमोर भेटतात आणि तो टोक अगदी लगत कापतो. पण त्याचा जबडा रुंद असतो आणि शेजारच्या दोऱ्यालाही घास समजतो. डेकवरच्या सुट्या गाठींपुरता वापरावा. तार कापायची पकड याच तत्त्वाची. तांब्याची तार तिच्या चिमटीत फुटून तुटते, पण दोऱ्याचे तंतू नुसते चपटे होतात आणि एक-दोन हटकून शिल्लक राहतात.

उष्णतेने टोक वितळवण्याची युक्तीही सांगितली जाते. कुणी अगरबत्तीचे पेटते टोक वापरतात. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सियसला वितळते आणि त्याचे टोक मण्यासारखे बंद होते, हे खरे. पण सुती दोरा वितळत नाही, तो करपतो. शिवाय सुरीने निदान स्पर्श तरी व्हावा लागतो. ताणलेला कृत्रिम दोरा उष्णतेने स्पर्शाविनाही तुटतो. वर्गासाठी ही पद्धत आम्ही नाकारतो.

हत्याराइतकीच दोऱ्याची तयारी महत्त्वाची आहे. टोक पळते ते मऊ असते म्हणून. पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद टोकाला लावून पूर्ण वाळू दिला तर ते काडीसारखे ताठ होते आणि साधी कात्रीही ते नीट कापते. घाईने ओले टोक कापणे हे आमच्या निम्म्याअधिक चुकांचे कारण होते, आणि त्यात कोणत्याच हत्याराचा दोष नव्हता.

या साऱ्यातून निवडीचा जो निकष हाती येतो, तो 'सर्वांत तीक्ष्ण काय' हा नव्हे. हत्यार हातात घेण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की येथे काय कापले जाता कामा नये आणि हे हत्यार चुकून त्याला लागले तर काय होईल? खऱ्या जहाजांवर दोरकाम करणाऱ्यांनी हा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. त्यांच्या चाकूचे एक पारंपरिक पाते मेंढीच्या खुराच्या आकाराचे असते. धार सरळ आणि तेज, पण टोक मुद्दाम बोथट. हलत्या जहाजावर तो चाकू शिडात किंवा सोबत्याच्या अंगात घुसू नये, ही त्यामागची दृष्टी. धार आणि टोक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यांना कळले होते.

आपल्या शाळांत नेमकी याच गोष्टीची गल्लत होते. सुरक्षिततेच्या नावाखाली मुलांच्या हाती बोथट धारेच्या कात्र्या दिल्या जातात. बोथट धारेला जोर लागतो, जोराने हात घसरतो आणि इजा होते. सुरक्षित कात्रीचे टोक गोल असावे. धार मात्र चांगलीच हवी. शाळेसाठी कात्र्या घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. कात्री उघडून सोडली असता पाती खळखळ हलू नयेत. ओल्या टिश्यू कागदाचा तुकडा पात्यांच्या शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरने कापून पाहावा. तो न ओढता, न दुमडता कापला गेला पाहिजे. आणि दर खरेदीत दोन-तीन कात्र्या डावखुऱ्यांच्या असाव्यात, मागणी आलेली नसली तरीही. ज्या मुलाला आपलाच हात वाईट वाटतो, ते मूल मागणी करत नाही.